मामानं किडनीचं पाणी तोडलं

मामाची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही सुट्ट्या, संत्री आणि लाडाच्या तयारीत बसले असाल. पुढं किडनी येणार म्हटल्यावर काही जणांनी रुमालही काढला असन. दोन्ही ठेवा बाजूले. माझ्या मामाइतकं पाणी समजणारा माणूस अख्ख्या काटोल तालुक्यात नाही, आणि घरात दोन माठ भरलेले असताना पाण्यावाचून मरायले निघालेलाही तोच एक.

त्याच्या संत्र्याच्या बागेत ड्रिपचा फिल्टर आहे. फिल्टरच्या आधी प्रेशरचा एक काटा, नंतर एक. दोघांतला फरक वाढला की फिल्टर चोंदला. मामा सकाळी देवाच्या आधी त्या दोन काट्यांले हात जोडते. नळीले कान लावून कोणत्या झाडाखालचं भोक बुजलं ते सांगते. मामीनं चहा गाळला की गाळणी उजेडात धरून पाहते. माणसांचंही तसंच. 'कसा आहे' असं तो कोणालेच विचारत नाही, 'प्रेशर काय म्हणते गा' विचारते. माझ्या बहिणीले पाहायले आलेल्या पोराले त्यानं हेच विचारलं, तं ते पोरगं घाबरून आपल्या बापाच्या बीपीच्या गोळीचं नाव सांगून मोकळं झालं.

मे लागल्याबरोबर मामा गुडघा दाखवायले नागपूरले आला. रक्त तपासलं, तं क्रिएटिनिन जरासं वाढलेलं निघालं. मी सोबत होतो. डॉक्टर नाकात बोलणारे, सावकाश. म्हणाले, "काका, किडनी थोडी थकली आहे. तिच्यावर भार टाकू नका. दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा."

आता काटोलच्या बागाईतदाराले थकलेल्यावर एकच इलाज माहीत. ताण. बहाराच्या आधी संत्र्याचं पाणी महिनाभर तोडतात, पानं सुकतात, झाड आराम करते, आणि मग पाणी सोडलं की फुलानं भरून जाते. मामानं किडनीले ताण देला. तोही मे महिन्यात. सकाळी अर्धा पेला पाणी, संध्याकाळी अर्धा. वरून गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, दोन टाइम.

मामीचा फोन आला. "बाबू, मामाले समजाव ना. ओठ फाटून राहिले, तरी पाणी पेत नाहीत."

मी हसलो. नागपुरात सदरमधल्या ज्या दुकानात मी मोबाईल दुरुस्त करतो, तिथं सगळ्यांपुढं मामाची नक्कल करून दाखवली. हात मागं बांधून, मान वाकडी करून, "किडनी झोपून राहिली बे, उठवू नोको." मालक हसून हसून काउंटरवर आडवा झाला.

आठ दिवसांनी मामीचा परत फोन. या वेळी आवाज बारीक. "कालपासून एकदाच लघवीले गेले रे. काळ्या चहासारखी होती. उठले की चक्कर येते. डॉक्टरकडे चला म्हटलं, तं म्हणतात, मधीच पाणी सोडलं तं बहार जाते."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला, तो अजून सापडला नाही. मामा मामीचं ऐकत नाही, माझं तं नाहीच. मी मालकाचा मोबाईल घेतला, नाक दाबलं आणि डॉक्टरसारखं सावकाश बोललो, "काका, तुमचा रिपोर्ट मी पुन्हा पाहिला. मिळेल त्या बसने निघा. दुखण्याची गोळी घेऊ नका."

तिकडून उत्तर आलं, "हाव साहेब." मामाचा एवढा लहान आवाज मी जिंदगीत ऐकला नव्हता.

दवाखान्यात मामा खुर्चीवर टेकत म्हणाला, "तुम्ही फोन केला म्हून आलो." डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. पण तेवढ्यात रिपोर्ट आला आणि फोनचा विषय तिथंच राहिला. डॉक्टरनं कागद ओढला.

"काका, किडनीत लाखो बारीक जाळ्या असतात. रक्त एका नळीनं जाळीत येतं, दाबानं पाणी आणि घाण गाळली जाते, बाकी रक्त दुसऱ्या नळीनं बाहेर पडतं. गाळलेलं बहुतेक पाणी शरीर परत घेतं, घाण लघवीतून जाते. दाब कमी झाला की आत येणारी नळी रुंद होते, बाहेर जाणारी आवळते, म्हणजे गाळणं थांबत नाही. दाब वाढला की आत येणारी आवळते. सगळं आपोआप."

"म्हंजे दोन्हीकून व्हॉल्व," मामा म्हणाला. त्याही हालतीत त्याचे डोळे चमकले.

"बरोबर. तुम्ही पाणी बंद करून दाब पाडला. किडनी आतला व्हॉल्व उघडायला गेली, तर तुमच्या गोळीनं तो उघडू दिला नाही."

मामा कागदाकडे पाहत राहिला. "पाणीबी मीच तोडलं, न् व्हॉल्वबी मीच दाबून धरला."

"आता सलाईन लावतो. लघवी वाढली तर ठीक. नाही तर डायलिसिस."

वॉर्डात नेताना डायलिसिसच्या खोलीचं दार उघडं होतं. आत मशीन, रक्तानं भरलेल्या लाल नळ्या, पडद्यावर प्रेशरचे आकडे. मामा थांबला. फिल्टर दिसला आणि मामा जवळ गेला नाही, असं पहिल्यांदाच झालं. त्यानं माझं मनगट धरलं. "हा फिल्टर मले नाई पाहिजे, बाबू."

दोन दिवस आम्ही पलंगाखालच्या लघवीच्या पिशवीकडे पाहत बसलो. मामी दर तासाले वाकून पाहायची आणि परत बसायची. मी कोणाचीच नक्कल केली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मामी वाकली, ती वाकलेलीच राहिली. मग पदर तोंडाले लावून म्हणाली, "चढून राहिलं वाटते."

डॉक्टर म्हणाले, डायलिसिस टळलं. पण काही जाळ्या गेल्या, त्या परत येणार नाहीत, उरलेल्या सांभाळा. मले बाजूले घेऊन म्हणाले, "पुन्हा माझा आवाज काढला तर तुझं नाक मी दाबीन."

खरी बोलणी बसस्टँडवर बसली. मामी तिकिटाचं पाहायले गेली होती. मामा बाकावर बसला होता, शर्ट खांद्यावरून ओघळून राहिला होता.

"फोन तूच केला होता ना बे?"

"हाव मामा. तुम्हाले कधी समजलं?"

"तवाच. नाक जास्त दाबलं होतं."

"मग आले काहून?"

"तुह्या आवाजात भेव होतं. नकलेत तुले कधी भेव नसते." त्यानं ओघळलेला शर्ट सावरला. "मामीचा पहिला फोन आला, तवा फोनवरच हसला म्हणे तू. डॉक्टरची नक्कल कराचीच होती, तं तवा काहून नाई केली गधड्या? आठ दिवस लेट केला तू. आण ती पाण्याची बाटली इकडे."