बावखलात उतरलेलं विमान
पांढऱ्या डिंकाचा वास आला की मला अजून सासऱ्यांच्या वाडीतलं बावखल दिसतं, केळींच्या सावलीतलं ते हिरवंगार तळं. मुलगी तेव्हा तिसरीत होती आणि दुसऱ्या दिवशी तिच्या माणिकपूरच्या शाळेत प्रदर्शन होतं. तिला समुद्रावर गस्त घालणारं, पाण्यावरही उतरणारं नौदलाचं विमान हवं होतं. मी थर्माकोलच्या धडाला पुठ्ठ्याचे पंख डिंकाने चिकटवले आणि सगळी सासुरवाडी काठावर जमवून विमान ऐटीत पाण्यावर सोडलं. ते झकास तरंगलं. मग डिंक विरघळला आणि दोन पंख दोन दिशांना निघाले. "जावईबापू, गस्तीला एकाची तीन झाली की," सासरे शांतपणे म्हणाले. मुलीचे डोळे भरून आले. तिने काठीने धड ओढून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि नाक पुसत म्हणाली, "पप्पा, तोंड पाडू नका. उद्या मी ही गस्तीची बोट आहे म्हणून सांगते." बाईंना बोट हुबेहूब वाटली, बक्षीसही मिळालं. आता तिचा संसार आचोळ्याला आहे. तिथे मी काही चिकटवायला घेतलं, की ती जवळची पाण्याची बादली उचलून लांब नेऊन ठेवते.