संघटनेचं दिवाळं आणि शिरूरचा हॉल

संस्था नीट चालू असते तेव्हा तिच्यात सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. पंधरा ऑगस्टला झेंडा, उन्हाळ्यात शिबिर, वर्षाकाठी एक ग्रुप फोटो. संस्था बुडायला लागली की मात्र रोज एक किस्सा तयार होतो, आणि ज्यांचं त्यात काही अडकलेलं नसतं त्यांना तो फार आवडतो. आमचं सगळंच अडकलेलं होतं. तरीही चहाला बसलो की हाच विषय निघतो, म्हणून म्हटलं एकदा ओळीनं सांगून टाकावं.

मी तरुणांच्या एका संघटनेच्या शिरूर शाखेचा सचिव. हुद्दा मोठा वाटतो, पण कामं दोनच. हॉलची चावी सांभाळायची आणि मीटिंगचा वृत्तांत लिहायचा. पोटापाण्यासाठी एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. आमच्या हॉलमध्ये अभ्यासिका चालते. आसपासच्या गावांतल्या एकवीस मुली तिथं पोलीस भरतीचा अभ्यास करतात. घरी एका खोलीत सहा माणसं आणि दिवसभर टीव्ही, त्यामुळे त्यांना बसायला दुसरी जागाच नाही.

पुण्याच्या मुख्य कार्यालयानं कर्ज काढून भलंमोठं ट्रेनिंग सेंटर बांधायला घेतलं. ते अर्धवट राहिलं आणि संघटना दिवाळखोरीत निघाली. गंमत बघा, शाखा आमच्या, घाम आमचा, पण जागांचे कागद सगळे पुण्याच्या नावावर! देणी भागवायला विक्रीला निघाले ते आमचा हॉल आणि दौंडचा हॉल. विक्री करायला कोर्टानं एक अधिकारी नेमला. कागदावर त्याला अवसायक म्हणतात. आम्ही साहेब म्हणायचो.

* * *

साहेबांच्या माणसानं पहिली नोटीस आमच्या दाराशेजारच्या बोर्डावर चिकटवली. हॉलच्या विक्रीला हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवा, नाहीतर काही म्हणणं नाही असं धरू, असं त्यात लिहिलं होतं.

आता आमच्या बोर्डाची एक रीत आहे. जुना कागद काढायचा नाही, नवा त्याच्यावरच चिकटवायचा. इतक्या वर्षांत तो बोर्ड चांगला बोटभर जाड झालाय. दुसऱ्याच दिवशी नोटिशीवर रक्तदान शिबिराचं पोस्टर बसलं आणि त्यावर क्रिकेट टूर्नामेंटचं. दोन्ही चिकटवणारा मीच!

तेराव्या दिवशी वंदनाताईंचा फोन आला. त्या दौंड शाखेच्या अध्यक्ष, रेल्वेत क्लार्क. आलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचणारी बाई. नोटिशीला उत्तर दिलं का, असं त्यांनी विचारलं. मी विचारलं, कसली नोटीस?

मग मी आणि आप्पा ओलं फडकं घेऊन बोर्डासमोर बसलो. आप्पा म्हणजे आमच्या शाखेचे अध्यक्ष, कवठे येमाईचे बागायतदार, वय ऐंशीच्या घरात. तरुणांच्या संघटनेला ऐंशीचा अध्यक्ष कसा, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. क्रिकेट निघालं, रक्तदान निघालं, आणि त्याबरोबर नोटिशीचा खालचा अर्धा भागही निघाला. हरकत कुठं पाठवायची तो पत्ता नेमका त्याच अर्ध्यात. शेवटी वंदनाताईंनी स्वतःची नोटीस फोनवर वाचून दाखवली आणि पंधराव्या दिवशी कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं असताना मी हरकत दाखल केली.

आप्पांनी हुकूम काढला, इथून पुढं बोर्डाला कोणी हात लावायचा नाही. चार दिवसांत त्यावर हरिनाम सप्ताह लागला. चिकटवला होता आप्पांनीच.

* * *

हरकत दिल्यावर आम्ही दोघं पुण्याला मुख्य कार्यालयात गेलो. जाब विचारायचा होता. आप्पांनी एसटीत बसल्या बसल्या भाषण तयार केलं होतं.

तिथं ना पदाधिकारी, ना खुर्च्या. फक्त वॉचमन. त्यालाही कित्येक महिने पगार नव्हता, पण रजिस्टर मात्र त्यानं पुढं केलं. कोणाला भेटायचं, या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं.

तो म्हणाला, "माझंच नाव लिहा. दुसरं कोणी नाही."

आप्पांनी भाषण केलं नाही. जाताना त्याला आमच्या डब्यातल्या दोन भाकरी दिल्या.

* * *

यानंतरचा मूर्खपणा सबंध शाखेचा आहे, त्यामुळे एकट्याची लाज वाटत नाही.

हरकतीनं विक्री काही थांबली नाही, तेव्हा आमचा बेत असा ठरला की गावातून वर्गणी काढून हॉल आपणच विकत घ्यायचा. म्हणजे किंमत जितकी कमी ठरेल तितकं बरं. आणि किंमत ठरवायला साहेब येणार असं कळलं. आता आमच्याकडे साहेब येणार म्हटल्यावर माणसं शांत बसतात होय? आठवडाभर सगळे राबले. भिंतींना रंग दिला, गळकी पन्हळ बदलली, दारात रांगोळी, साहेबांना फेटा, शाल, श्रीफळ. मुलींनी दोन रांगा करून कडक सॅल्यूट ठोकला. साहेब खूश झाले आणि त्यांनी वहीत लिहिलं, इमारत उत्तम स्थितीत.

किंमत आमच्या वर्गणीच्या बाहेर गेली! रंगाचे डबे अजून दारात होते.

मी घाईघाईनं वंदनाताईंना फोन केला. म्हटलं, तुम्ही काही आवरू नका. त्यांनी आवरलं नाही. पत्र्यातून गळत होतं तिथं बादली ठेवली, पोपडे तसेच राहू दिले. साहेबांनी पाहिलं आणि लिहिलं, इमारत धोकादायक. आठ दिवसांत नगरपालिकेची नोटीस आली, जागा ताबडतोब रिकामी करा.

वंदनाताईंनी मला एवढंच सांगितलं, "दादा, यापुढं सल्ला द्यायला फोन करू नका."

* * *

मग सामानाची यादी सुरू झाली. आमच्याकडे दिलेल्या वस्तूवर नाव घातल्याशिवाय दान पुरं होत नाही. पंख्याच्या पात्यावर, खुर्चीच्या पाठीवर, पिंपावर, सगळीकडे कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ. साहेबांचा कारकून पंख्याखाली मान वर करून नावं वाचत होता. त्यावरून गावात अफवा उठली की ज्याचं नाव त्यानं वस्तू घेऊन जावी, नाहीतर लिलावात जाईल.

दुपारपासून रीघ लागली. खुर्च्या गेल्या, घड्याळ गेलं. माझं कोणी ऐकेना. मला इतका राग आला होता की मी दारात आडवा उभा राहिलो आणि एका ओळखीच्या माणसानं मला सरळ उचलून बाजूला ठेवलं.

चारच्या सुमाराला एक काका शिडी घेऊन आले. वडिलांच्या नावाचा पंखा काढायला. त्या पंख्याखाली पूजा बसली होती. न्हावऱ्याची पोरगी, हुशार, तोंडानं तिखट. काकांनी बटण बंद केलं. पूजानं पुस्तकातून मान वर केली.

"काका, माझा आज गणिताचा टेस्ट पेपर हाय. तेवढा होऊ द्या. मग मीच शिडी धरते."

काका शिडीला टेकून उभे राहिले. दीड तास. पेपर झाल्यावर पूजा खरंच शिडी धरायला उठली. काकांनी तिला किती मार्क पडतील असं विचारलं. मग त्यांनी बटण चालू केलं आणि शिडी खांद्यावर टाकून निघून गेले.

* * *

दौंडचा हॉल वाचला नाही.

सील करायच्या दिवशी मी गेलो होतो. वंदनाताईंच्या हॉलची एक भिंत होती, तिथं शिकून नोकरीला लागलेल्या प्रत्येकाचं नाव त्यावर रंगवलेलं. पहिलं नाव वंदनाताईंचं. हॉलभोवतीच्या वस्तीतल्या त्या पहिल्या सरकारी नोकर. साहेब यादी पुरी झाली म्हणून वही मिटायला लागले, तर ताई म्हणाल्या, भिंत राहिली. साहेबांनी सांगितलं, भिंत इमारतीतच धरलीय.

"इमारत धरलीय. नावं न्हाई धरली," ताई म्हणाल्या. "ती पण लिहा."

आणि त्या एकेक नाव वाचायला लागल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही. साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं, नंतर पाहिलं नाही. सगळी नावं लिहून घेतली. मग दाराला सील लागलं.

ताईंच्या मुली आता स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये अभ्यास करतात. कोणी हटकत नाही का, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, गाड्या लेट असतात तोवर बसलेल्यांना कोण हटकणार? दौंड जंक्शनला कोणती ना कोणती गाडी लेट असतेच.

* * *

आता शेवटचा किस्सा.

आमच्या हॉलची जागा मुळात आप्पांची. तीन गुंठे, हायवेला लागून, त्यांनी बक्षीसपत्र करून संघटनेला दिलेले. लिलाव अगदी तोंडावर आल्यावर वकिलांना त्या पत्रात एक ओळ सापडली. अभ्यासिका बंद पडली तर जागा आप्पांकडे परत. म्हणजे अभ्यासिका चालू असेल तर लिलाव, आणि बंद असेल तर जागा आप्पांची. हॉल वाचवायचा तर तो बंद दाखवायचा! आप्पांनी जागा परत मिळावी असा अर्ज केला, आणि साहेब तलाठ्यांना घेऊन पंचनाम्याला येणार होते.

आणि तिथंच दुसरी धास्ती होती. आप्पांचा मुलगा बाळासाहेब. त्याला तिथं गाळे काढायचे होते, आणि तसं तो चारचौघांत बोललाही होता. लिलावातून सुटलेली जागा आज ना उद्या त्याच्या हातात जाणार, हे मुलींनाही कळत होतं.

मी मुलींना सांगितलं, एक दिवस येऊ नका. सकाळी कुलूप लावून वळलो तर सगळ्या रस्त्यापलीकडं चिंचेखाली पुस्तकं उघडून बसलेल्या. पाच दिवसांवर लेखी परीक्षा. मी ओरडलो. पूजा म्हणाली, "हॉलमधी येऊ नका म्हणालात. झाडाचं कुठं म्हणालात?"

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. आप्पा आणि बाळासाहेब दारातच उभे होते. त्यांनी कुलूप पाहिलं, लिहिलं. मग पलीकडं पाहिलं. ते या मुलींना चांगलं ओळखत होते, त्यांचा सॅल्यूट घेतला होता त्यांनी.

"आप्पा, या मुली कोण? अभ्यासिकेच्या का?"

हो म्हटलं की जागा गेली. आणि आप्पा खोटं बोलत नाहीत, ही आमची खरी अडचण.

आप्पांनी पलीकडं पाहिलं. "न्हाई," ते म्हणाले. "माझ्या लेकी हायत."

"सगळ्या?"

"सगळ्या. एकवीस."

तलाठी पूर्वी कवठ्याला होते. ते हळूच म्हणाले, आमच्या दप्तरात तर आप्पांचे वारस म्हणून एकटे बाळासाहेबच. तेही खरंच होतं. आप्पांना एक मुलगी आहे, संगीता. चार वर्षांपूर्वी बाळासाहेबानं तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली, आणि तेव्हापासून ती माहेरी आली नव्हती. आप्पा त्यावर कधी चकार शब्द बोलले नव्हते.

साहेबांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. जागा बंद आढळली. समोर झाडाखाली अर्जदारांच्या एकवीस मुली बसलेल्या होत्या. मग कागद बाळासाहेबापुढं धरला. मुलगा म्हणून मजकूर कबूल असेल तर सही करा, म्हणाले.

बाळासाहेबानं ती ओळ दोनदा वाचली. सही केली की त्या एकवीस जणी त्याच्या बहिणी ठरणार, आणि बहिणींना उठवून गाळे काढता येणार नव्हते. आप्पांकडं पाहिलं. आप्पा चिंचेकडं बघत होते. त्यानं पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"बावीस करा साहेब," तो म्हणाला. "आमची संगीता राह्यली."