दोन मतांच्या अकोल्याला जाऊन आले

१९५७च्या निवडणुकीत अमरावतीला मी पहिल्यांदा मत दिलं आणि चार दिवसांनी शाळेतून रजा काढून धाकट्या बहिणीकडे निघाले. कारण काही उदात्त नव्हतं. मला कमलला बोटावरची शाई दाखवायची होती. मी चोवीस वर्षांची, शाळेत मास्तरीण, घरातली शिकलेली. कमलने चौथीत शाळा सोडली, लग्न होऊन अकोल्याकडच्या एका खेड्यात गेली. तिकडचं मतदान अजून व्हायचं होतं. म्हटलं, ते कसं करतात ते तिला शिकवूनही येऊ.

आज तिकडे जायचं तर हमरस्त्याने गाडी काढायची, मूर्तिजापूरला चहा घ्यायचा की दोन-अडीच तासांत पोचलात. तेव्हा अमरावतीहून आधी बडनेरा, तिथे पॅसेंजरची वाट पाहायची. तिकीट काही आण्यांचं, वेळ मात्र अख्ख्या दिवसाचा. मूर्तिजापूरला अचलपूरच्या छोट्या गाडीचे उतारू आमच्या डब्यात चढले. त्यातल्या एका आजीबाईने माझं बोट धरूनच पाहिलं. "हे कायचं निळं?" म्हणाली. मत दिलं म्हणून सांगितलं, तर तिने सगळ्या डब्याला दाखवलं. बोरगावला उतरेपर्यंत मी अगदी फुलून गेले होते.

स्टेशनवर कमलचे यजमान देवरावजी दमणी घेऊन आले होते. दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी. मार्च लागला होता. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून झालेली, काळ्या रानाला भेगा पडू लागलेल्या, गाडवाट अशी की बोलायला तोंड उघडावं तर दात वाजावेत. काटेपूर्णेच्या काठाकाठाने तासभर गेल्यावर गाव आलं. कमल दारातच उभी होती. मी पाय धुवायच्या आधी हात पुढे केला.

तिने बोट पाहिलं. "एकच मत होतं तुले?" म्हणाली.

"म्हणजे? एकाले एकच असते."

"मले दोन हायेत."

मला वाटलं, बाईला काही कळलेलं नाही. पण देवरावजींनी तिची बाजू घेतली, आणि खरं तेच होतं. अकोला तेव्हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वांसाठी खुली, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि मतदार सगळे सामायिक. म्हणून लोकसभेसाठी प्रत्येकाला दोन मतपत्रिका. बावन्न सालीही तसंच होतं, तेव्हा बुलढाणा आणि अकोला मिळून एकच मतदारसंघ होता; पण एकविशीच्या आत मत नसे, म्हणून कमलचं ते हुकलं होतं. अमरावतीला मात्र एकच खासदार आणि एकच मत.

हे मी वर्तमानपत्रात वाचलेलंही होतं, दारात मात्र आठवलं नाही. पण वाचणं वेगळं आणि आपल्या धाकट्या बहिणीच्या तोंडून ऐकणं वेगळं. त्या दिवशी तिने पातोडीची भाजी, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा असा बेत केला होता. आमच्या वऱ्हाडात पाहुण्यांसाठी हाच मान. मला घास गोड लागेना. तिला घर, दोन बैल, विहीर, हसतमुख नवरा, आणि आता मतही दोन. मी रात्रीचा दिवस करून शिकले ते काय, हिच्या निम्म्या मताला?

मतदानाच्या आदल्या दुपारी ती तुरी पाखडत बसली होती. मी ओट्यावर होते. तेव्हा शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आपण पडद्याआड जाऊन कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची.

"ताई," कमल म्हणाली, "मले एकच मानूस पसंत हाय. दोनी चिठ्ठ्या त्याच्याच पेटीत टाकल्या तं चालते काय?"

नाही चालत. एका उमेदवाराला एकच मत, दुसरी चिठ्ठी बाद. मला पक्कं ठाऊक होतं; आमच्या शाळेतले गुरुजी निवडणुकीच्या कामावर होते, त्यांनी हे सविस्तर सांगितलं होतं.

"तुले वाटते तसं टाक," मी म्हणाले.

ती पुन्हा सूप हलवायला लागली. सांगायला अजून सगळी संध्याकाळ होती, दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. मी सांगितलं नाही.

मतदान शेजारच्या गावच्या शाळेत होतं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. मी लिंबाखाली बसून राहिले, कारण माझं तिथे काहीच काम नव्हतं. कमल आत गेली आणि पदराने तोंड पुसत, हसत बाहेर आली. "दोनी त्याच्याच पेटीत टाकल्या. पक्कं करून टाकलं."

मी हसले. आतून बरंही वाटलं. आता तिचंही एकच झालं होतं.

परतताना यशोदाबाई वाटेत भेटली, तिला कमलने दमणीत घेतलं. देवरावजींच्या शेतावर कापूस वेचायला येणारी बाई. चार-पाच महिन्यांपूर्वी नागपूरला जाऊन नवऱ्यासोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेली.

"झालं काय वो मत देऊन?" तिने कमलला विचारलं.

"झालं. दोनी एकाच पेटीत."

यशोदाबाई म्हणाली, "एकाच? मंग एक बाद झालं नं, बाई. आमच्या वस्तीत आठ दिवस झाले शिकवून राहिले. दोन चिठ्ठ्या, दोन पेट्या. मले लिहिता येत नाई, पन हे पाठ हाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या घरी तं मास्तरीन आलेली. मले वाटलं, तुमाले सांगतलंच असन."

कमल माझ्याकडे वळली.

"ताई, तुले माईत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. यशोदाबाई समोर होती म्हणून असेल, नाही बोलता आलं.

"होतं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"मले एकच होतं म्हणून," मी म्हणाले. इतकं लहान, इतकं पोरकट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.

ती रडली नाही, भांडली नाही. नदी ओलांडल्यावर एवढंच म्हणाली, "मांगून पाहतीस तं मी त्यातलं एक तुह्या मनासारखं टाकलं असतं." घरी जाऊन तिने रोजच्यासारखं ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा बोरगावपर्यंत ती आली नाही. गाडीत खायला बांधून दिलेल्या दशम्या मी बडनेऱ्यापर्यंत सोडल्या नाहीत.

पुढच्या खेपेला भरपाई होईल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. ती खेप आलीच नाही. एकसष्ट साली दोन खासदारांचे मतदारसंघ कायद्याने मोडले. दोन मतं द्यायची संधी कमलला उभ्या जन्मात एकदाच आली होती, आणि त्यातलं एक माझ्यामुळे बाद झालं.

बासष्टच्या निवडणुकीनंतर अमरावतीच्या पत्त्यावर तिचं कार्ड आलं. मोठी, तिरकी अक्षरं. 'अवंदा शिक्का मारा लागला. मलेबी एकच भेटलं. आता तुवं मावं बरोबर.'

टोमणा होता की माफी, ते मी कधी विचारलं नाही. आता नव्वदी ओलांडली, विचारायला कमलही नाही. तुम्ही त्या बाजूला गेलात तर काटेपूर्णेच्या काठाने जरूर जा, रान फार सुंदर आहे. माझ्यापाशी त्या प्रवासातलं राहिलं ते एवढंच: कार्ड वाचून संपायच्या आत, लाज वाटायच्याही आधी, तिलाही आता एकच म्हणून मला हायसं वाटलं होतं.