टँकच्या तळातले बेडूक

"काकू, थांबा, तिथे पाय नका ठेवू," असं मी म्हणेपर्यंत काकूंचा अंगठा त्याला लागलाच होता.

काकू कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. एका हाताने त्यांनी पायऱ्यांजवळचा पाइप धरला आणि दुसऱ्या हाताने लुगड्याचा पदर सावरला. "कमल," त्या म्हणाल्या, "हे तुझं बेडूक खाली काहून नाही गेलं वं?"

मी वाकून पाहिलं. पंप बंद होता. पंप बंद असला की तळातला एकही बेडूक वर दिसता कामा नये. पण पायऱ्यांजवळचे चार बेडूक माना वर काढून तसेच उभे होते.

हे बेडूक म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्या बंगल्यात मी कामाला होते, तिथे स्विमिंग टँक होता. भाऊसाहेबांचा ट्रान्सपोर्टचा धंदा. शहराबाहेर वाडीला गोदामं आणि घर शहरात, धरमपेठेत. काकू म्हणजे त्यांची बायको. काकूंचे गुडघे धरले, तेव्हा धंतोलीच्या डॉक्टरने सांगितलं की जमिनीवर कमी चाला, पाण्यात चाला. मग अंगणात टँक बांधला. अमेरिकेतल्या जावयाने पेट्या भरून सामान पाठवलं, आणि टँक आपला आपण साफ होईल असा बनला.

तो साफ कसा व्हायचा, तर तळाच्या फरशीत वाटीएवढी गोल झाकणं बसवलेली होती. टँक बांधणारे साहेब त्यांना हेड म्हणत, मी बेडूक म्हणायची. पंपाचं पाणी आलं की बेडूक दोन बोटं वर यायचा आणि तोंडातून पाण्याची चूळ तळाच्या लगत मारायचा. पाणी थांबलं की खाली बसायचा आणि फरशीशी सपाट व्हायचा. पुढच्या खेपेला वर आला की तोंड थोडं फिरवून दुसरीकडे चूळ मारायचा. पंपाजवळ घागरीसारखा एक व्हॉल्व्ह होता. तो आधी पायऱ्यांजवळच्या बेडकांना पाणी द्यायचा, मग पुढच्यांना, मग खोलातल्यांना. असा सगळा कचरा ढकलत ढकलत खोलाकडच्या जाळीत जायचा.

मग माझी गरज काय, असं भाऊसाहेबही विचारत. टँक बांधणारे काळमेघ साहेब म्हणजे माझे मालक. त्यांच्या साइटवर मी घमेली उचलायची आणि टाइल्सच्या सांध्यात सिमेंट भरायची. काकूंनी सांगितलं की पाण्याजवळ गडीमाणूस नको, बाई पाहिजे. म्हणून साहेबांनी मला तिथे ठेवलं. सकाळी काकूंना धरून पाण्यात उतरवायचं, पंप चालू-बंद करायचा, जाळीतली पानं काढायची आणि काठाची फरशी झाडायची. सावलीतलं काम होतं. डोक्यावर काही नव्हतं. बोलायला एकट्या काकू, आणि त्याच जास्त बोलत. मला असं काम आधी कधी मिळालं नव्हतं आणि पुढे मिळेल असंही वाटत नव्हतं.

अंगठ्याला रक्त नव्हतं, पण सुजला. भाऊसाहेब बाहेर आले. त्यांनी टँक बंद करायला सांगितलं आणि साहेबांना फोन लावला.

साहेब स्कूटरवर आले. त्यांनी पंप चालू करून पाहिला. प्रेशरचा काटा बरोबर. व्हॉल्व्ह उघडला, आतली चक्री फिरत होती. पंपाची जाळी बाहेर काढली, त्यात कडुनिंबाची पानं, बाकी काही नाही. पुढचे सगळे बेडूक वर येत होते आणि खाली जात होते. हे चारच उठलेले बसत नव्हते, आणि तोंडही फिरवत नव्हते. त्यांच्या बाजूची पानं पायऱ्यांच्या कोपऱ्यात येऊन साचली होती.

मग साहेबांना काठावर टेकवलेला खराटा दिसला.

"हा इथे काय करतो?" त्यांनी मला विचारलं. "तुला नायलॉनचा ब्रश दिला होता ना?"

खराटा फक्त बाहेरच्या फरशीसाठी होता. पाण्यात मी ब्रशच वापरायची. हे एवढंच सांगायचं होतं. पण साहेब समोर उभे राहिले की माझा आवाज घशातच राहायचा. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

"तळ झाडला असशील खराट्यानं. काड्या गेल्या असतील आत. हेड फुटले आता."

"नवे किती दिवसांत येतात?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"जावईबापूंना कळवा. इथे मिळत नाहीत. तोपर्यंत टँक बंद."

"पाहा बरं काळमेघ. मी म्हणून राहिलो होतो, आपोआप साफ होते तर माणूस कशाले पाहिजे."

"मी हिला उद्यापासून साइटवर घेतो," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "उद्या सकाळी नव्या बिल्डिंगवर ये."

मी मान हलवली. नाही म्हणायला आवाज लागतो, हो म्हणायला मान पुरते.

काकू खुर्चीवर बसून अंगठ्यावर ओलं फडकं धरून होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, डॉक्टरसुद्धा आधी जीभ बाहेर काढायले लावते. तुम्ही न उघडता सांगून राहिले का?"

साहेब म्हणाले, उघडायची चावी आहे, पण पाण्यात उतरावं लागेल. बोलता बोलता त्यांनी आपल्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं.

"कमल उतरते ना. तुम्ही वरून सांगा."

मी लुगडं खोचून उतरले. चावी म्हणजे लांब दांड्याला दोन दात. ते हेडच्या दोन खाचांत बसवायचे आणि उलट फिरवायचं. साहेब वरून सांगत होते, डावीकडे, अजून डावीकडे, दाबू नको, आता उचल. मला तो हात लवकर आला, कारण दळणाच्या डब्याचं झाकण असंच निघायचं. पहिला बेडूक हातात आला. तो मी साहेबांना दिला. काड्या दिसू नयेत, एवढंच मनात होतं.

काड्या नव्हत्या. बाहेरची गोल बांगडी आणि आतलं बोंड यांच्या फटीत पांढरे, फुगलेले, बुळबुळीत दाणे गच्च बसले होते.

साहेबांनी ते नखाने काढून तळहातावर घेतले. चष्मा वर करून पाहिले, खाली करून पाहिले.

"ही कशाची तरी अंडी आहेत," ते म्हणाले.

"क्लोरीनच्या पाण्यात अंडी?" भाऊसाहेब म्हणाले.

"कमलच्या बेडकांनी घातली असतील," काकू म्हणाल्या आणि हात पुढे केला. "आणा इकडे."

काकूंनी एक दाणा घेतला आणि भात शिजला का पाहतात तसा अंगठा आणि बोटात दाबला. मग वास घेतला.

"काय आहे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"चिन्नोर तांदूळ," काकू म्हणाल्या. "आपल्या घरचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. आमच्या दोघींच्या मध्ये पायरीवर त्यांचा तांब्या ठेवलेला होता.

काकू रोज चालून झालं की पायऱ्यांजवळ पाण्यातच पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि सूर्याला अर्घ्य द्यायच्या. तांब्यात पाणी, कुंकू आणि अक्षता. तांब्या मीच भरून हातात द्यायची. रोज सकाळी मी ते पाहत होते आणि आता उभी राहून काड्यांचा विचार करत होते. अक्षता लाल असतात, हे दाणे पांढरे होते. क्लोरीनने कुंकू धुवून टाकलं होतं. दाणे तळाशी बसायचे. नंतर मी पंप चालू केला की बेडूक वर यायचे, आणि खाली बसताना बाजूचा दाणा आत ओढून घ्यायचे. मग तो फुगायचा. पंपाच्या जाळीची भोकं पानांसाठी होती, एखादा दाणा तिथवर गेला तरी निसटून जायचा.

"टँकमध्ये तांदूळ कोणं टाकला?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मी. सूर्यनारायणाले."

"रोज?"

"सूर्य रोजच निघते ना."

साहेब हसले, मग भाऊसाहेबांकडे पाहून थांबले. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "काकू, अर्घ्य नुसत्या पाण्याचं द्या. नाहीतर बाहेर येऊन द्या, तुळशीपाशी."

"तुळशीपाशी तर लग्न झाल्यापासून देऊन राहिली मी," काकू म्हणाल्या. "माहेरी वैनगंगेत उभी राहून द्यायची. या घरी आली तेव्हापासून पायाखाली पाणी नाही पाहिलं. तुमच्या डॉक्टरच्या सांगण्यानं उतरली का मी? डॉक्टर तर मले गोड खाऊ नका असंही सांगते."

काकू गोडाचं किती ऐकतात ते भाऊसाहेबांना माहीत होतं. अर्घ्य बंद तर चालणं बंद, आणि चालणं बंद तर एवढा टँक कशाला, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

काकूंनीच आत हाक मारून पितळेची परात मागवली. "पाण्यातच देतो अर्घ्य, पण परातीत. मग ते मोगऱ्याले टाकीन. चालते का तुमच्या मशीनले?"

"चालतं," साहेब म्हणाले.

दुपारपर्यंत मी उरलेले तीन बेडूक काढले. दाणे सुईने टोकरले, धुतले आणि परत बसवले. साहेब काठावर बसून सांगत होते. पंप लावला, चौघेही उठले. बंद केला, चौघेही बसले. खराट्याबद्दल साहेब पुन्हा काही बोलले नाहीत. साइटबद्दलही नाही. जाताना खराटा मात्र स्वतःच्या हाताने उचलून गॅरेजमध्ये ठेवून गेले.

मी विचारायचं म्हणून स्कूटरपर्यंत गेले आणि विचारलं नाही. मग काकूच पायरीवरून मोठ्याने म्हणाल्या, "साहेब, परात धरायले कोणी लागन ना मले. कमल राहते इथंच."

"राहू द्या," साहेब म्हणाले आणि किक मारली.

दुसऱ्या दिवशी आधी आम्ही परात पाण्यावर तरंगती सोडून पाहिली. काकूंनी तांब्या उचलला की परात सरकायची. त्या एक पाऊल पुढे गेल्या की ती दोन हात लांब. शेवटी ती खोलाकडे निघाली आणि काकू तिच्या मागे, मी काकूंच्या मागे. "थांब वं," काकू परातीला म्हणत होत्या. तेवढं त्या आधी कधी चालल्या नव्हत्या. त्यानंतर परात मी दोन्ही हातांनी धरू लागले.

त्या घरी मी पुष्कळ वर्षं काम केलं. बेडूक पुन्हा अडकले ते एकदा दिवाळीत, आणि ती फुलबाजीची तार होती.

काळमेघ साहेबांनी पुढे अजून काही टँक बांधले. बांधायच्या आधी ते मालकाला विचारायचे, खोली किती, टाइल कोणती, लहान मुलं आहेत का. आता त्यात एक प्रश्न वाढला होता, आणि तो ते मालकाला नाही, मालकिणीला विचारायचे, की पाण्यात उभं राहून तुम्ही काय काय करता. काही बायका या प्रश्नाने रागावत. पण यंत्राबरोबर अमेरिकेहून आलेल्या पुस्तकात पानं, माती, केस, सगळ्यांसाठी उपाय दिलेला होता. अक्षतांसाठी नव्हता. ज्याने ते यंत्र बनवलं, त्याची बायको बहुतेक सूर्याला काही देत नसावी.