ओल्या रबरावरची पावलं

"थंयच बस!" भाटकार अंगणातून ओरडले. "शिडी देवळात नेली हा. सांजवेळेर येतली. घरात पाय ठेवशीत तर बघ!"

मी त्या जमीनदाराच्या गच्चीच्या कोपऱ्यात उभा. वैशाखाचं ऊन. समोर सगळ्या स्लॅबवर मीच नुकतं फासलेलं ओलं रबर. एकोणीसशे साठानंतर मालवणात स्लॅबची घरं झाली आणि पावसाळ्यात गळू लागली. मग मुंबईहून या रबराचे डबे येऊ लागले. झाडाचं नव्हे, कारखान्यातलं. दुधासारखं पातळ, सिमेंटात कालवायचं, सुकलं की पाणी शिरत नाही. वास डोक्यात जायचा, म्हणून ते काम महारवाड्याच्या वाट्याला. मी मुंबईत ठेकेदाराकडे ते शिकलो होतो. पण इथे गच्चीवर चढायचं ते बाहेरून, शिडी लावून. जिना घरातून होता ना!

माझे पाय लागलेली शिडी देवळात चालली. मी घरात चालत नव्हतो. असा संताप आला!

"भाटकारानू, तान लागली. पाणी तरी दिया."

"तांब्यो विटाळतलो," म्हणाले आणि पडवीत जाऊन बसले.

खाली माझा बाप हात जोडून उभा. आमची झोपडी भाटकारांच्या जमिनीत. "रव रे झिला," तो म्हणाला. "सांगतत तसा कर."

तळपाय भाजत होते. डोळ्यांपुढे अंधारी आली. इथे मेलो असतो तरी त्यांनी आधी स्लॅब बघितला असता.

मी निघालो. ओल्या रबरावरून सरळ जिन्याकडे. माझंच काम मी तुडवलं. जिना उतरलो, माजघर ओलांडलं, पुढच्या दाराने बाहेर आलो. भाटकारीण किंचाळली. घरभर माझी पावलं उमटली होती, राखाडी, चिकट. तिने घागर ओतली. पावलं जाईनात.

भाटकार बापाला म्हणाले, "ये भितर. खरवडून काढ. नायतर आजच झोपडी मोडतलंय."

आता माझा बाप त्यांना घरात चालत होता. गुडघ्यांवर.

बापाने पत्र्याचा तुकडा उचलला, उंबऱ्याशी वाकला. मी त्याचा हात धरला.

"बाबा, नको. ते माझे पाय आसत."

तो रडत होता. मी पत्रा काढून घेतला आणि फेकून दिला.

झोपडी गेली. आई डोक्यावर मडकी घेऊन, मला शिव्या घालत निघाली. तिचं काय चुकलं? रात्री निजायला जागा नव्हती. तरी मला पश्चात्ताप झाला नाही. आजही नाही.

गुडघ्यांवर बसवून आत घेणाऱ्या घरात मी जाणार नाही. जाईन तर उभा, पुढच्या दाराने. उघडलं नाही, तर दार मोडीन.