माशांच्या खोलीतला दिवा

झेब्रा मासे फार शिस्तीचे असतात. चौदा तास उजेड आणि दहा तास गुडुप अंधार मिळाला, तरच सकाळी दिवा लागल्यावर तासाभरात अंडी घालतात. एरवी ढिम्म. श्रीरामपूरच्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, तिथली तळमजल्यावरची एक अडगळीची खोली मी मागून घेतली, खिडक्यांना काळा कागद चिकटवला आणि दिव्याला टायमर बसवला. दिवा पहाटे पाचला लागायचा, संध्याकाळी सातला विझायचा. मी सहाच्या ठोक्याला हजर.

माझ्या पीएच.डी.चा विषय तसा सोपा, पण ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. माशाचा गर्भ घडत असताना अगदी सुरुवातीलाच काही मोजक्या पेशी बाजूला निघतात. पुढे त्यांच्यापासूनच त्या माशाची अंडी किंवा शुक्राणू व्हायचे असतात. पण त्या तयार होतात एकीकडे आणि त्यांची जागा असते दुसरीकडे. बाकीचं शरीर आकार घेत असताना त्या त्यातूनच वाट काढत तिथवर जातात. ती वाट तासातासाने पाहायची, हे माझं काम.

लग्नाकार्यात कुणी विचारलं की ‘मत्स्यव्यवसाय’ म्हणून मी मोकळी व्हायचे. स्टाफरूममध्ये ‘मॅडम, फ्राय कधी?’ हा एकच विनोद नऊ वर्षं टिकला. कोल्हारहून वडील फोनवर ‘तुझं ते उरकलं का?’ एवढंच विचारायचे. आमच्या घरात मासा शिजत नाही, त्यामुळे ‘ते’ म्हणजे काय हे त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. हळूहळू मीही सांगायचं सोडून दिलं. संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर यायचं, एका माणसाचा कुकर लावायचा आणि दिवसभरात पाहिलेलं कुणालाही न सांगता झोपायचं. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात शेवटचा प्रयोग तेवढा राहिला होता. पेशी मुक्कामी पोचतात त्या तासांतले गर्भ हवे होते. प्रबंधाची तिसरी मुदतवाढ फेब्रुवारीअखेर संपत होती आणि चौथी मिळत नाही. नेमके तेव्हाच मासे अंडी घालेनासे झाले.

अंडी पडली की मासे स्वतःच ती खातात, म्हणून मी भांड्याच्या तळाशी काचेच्या गोट्या पसरते. अंडी गोट्यांच्या फटीत जातात. रोज सकाळी मी गोट्या उपसायचे आणि खाली नुसतं पाणी असायचं. मी पाणी बदललं, हीटर बदलला, खाद्य बदललं, पुण्याहून नवीन जोड्या आणल्या. शेवटी माशांना चांगल्या सणसणीत शिव्या घातल्या, त्याही मोठ्याने. ऐकायला होतंच कोण!

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मोबाईल विसरला म्हणून साडेसातला परत आले. माशांच्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता. दार उघडलं तर माझा टायमरचा दिवा बंद आणि वरची जुनी ट्यूब लख्ख चालू. तेवढ्यात व्हरांड्यातून मावशी आल्या. आमचे शिपाई दिवाळीत निवृत्त झाले, त्यांच्या जागी या आलेल्या. त्या कॉलेजच्या मागेच राहायच्या.

“ट्यूब कुणी लावली?”

“म्याच. रोजच लावते की. तिन्हीसांजेला अंधार ठिवू न्हाई, मॅडम. आत जिवंत जीव हायेत. सकाळी झाडायला आले की बंद करते, तुमी यायच्या आधी.”

माझा तोल गेला. “दोन महिने! माझी नऊ वर्षं तुम्ही पाण्यात घातलीत! अंधाराशिवाय अंडी घालत नाहीत ते! काही कळतं का तुम्हाला?”

“न्हाई कळत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “दारावर तुमी ‘आत येऊ नये’ लिवलंय. म्या कधी आत पाय टाकला न्हाई. बटन भाईर हाय. अंधार पायजे, एवढं सांगितलं असतं तर कशाला लावली असती? दोन महिन्यांत तुमी माझ्याशी एक शबूद बोलला न्हाईत.”

खरं होतं. पण मला माफी मागता आली नाही. मोबाईल उचलून मी निघून आले आणि खोलीवर येऊन स्वतःवरच चरफडत बसले.

त्यानंतर ट्यूब लागली नाही. आठवड्याभरातच एका सकाळी गोट्यांखाली अंडी दिसली, मोहरीच्या दाण्यांपेक्षाही लहान, काचेसारखी. पुढचं सगळं वेळेवर केलं. ठरलेल्या तासाला गर्भांची वाढ थांबवली, फक्त त्या पेशींनाच चढेल असा रंग दिला. मुदतीला बारा दिवस उरले असताना सूक्ष्मदर्शकात ते जांभळे ठिपके दिसले. आतड्याच्या दोन्ही बाजूंना, दोन ओळींत. पोचल्या होत्या.

“हे बघा!” असं मी चक्क बोलले, आणि खोलीत कुणी नव्हतं. वडिलांचा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आधीच कापला. कुठून सुरुवात करणार होते मी?

बाहेर मावशी फरशी पुसत होत्या. “मावशी, जरा आत येता?”

त्यांनी दारावरच्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चपला बाहेर काढून, हात धुऊन आल्या. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिल्या, आणि मी सांगत सुटले. त्या पेशी कोण, कुठून निघाल्या, कुठे आल्या. इतकं सगळं, आपल्या भाषेत, मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

“आन् पोचल्या न्हाईत तर?”

“तर बहुतेक मरून जातात.”

त्यांनी भिंगावरून डोळा काढला. “आन् हे तुमी इतकी वर्सं एकट्याच बघत हुता, मॅडम?”

मला नुसतं हो म्हणायचं होतं. पण रडूच फुटलं.