मेथी खाण्याचा गुन्हा

संगप्पा हा आमच्या गावात सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला माणूस. तो ना सावकार होता ना पुढारी. तो ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्याचा राखणदार होता. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की ते धरून आणायचं, कोंडायचं आणि मालकानं दंड भरल्याशिवाय सोडायचं नाही, हे त्याचं काम. बरं, माणूस इतका कडक की एकदा स्वतःची म्हैस कोंडली आणि स्वतःच दंड भरून सोडवली. त्या दिवशी बायकोनं, जगदेवीनं, त्याला चहाला दूध दिलं नाही. बरोबरच केलं.

कायदा इंग्रजांच्या वेळचा. आमच्याकडं राज्य निजामाचं, मग हा विलायती पाहुणा देवणीच्या बाजूला कुठल्या वाटेनं आला, देव जाणे. पण त्यात एक गंमत होती. कोंडलेल्या जनावराला चारापाणी कोंडवाड्यानंच घालायचं.

लातूर जिल्हा झाला, पेढे वाटले गेले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात दुष्काळ. कचेऱ्यांना नव्या पाट्या लागल्या, पण विहिरींना पाणी लागेना. चारा संपला. तेव्हा गावाला कोंडवाड्यातला कडबा आठवला. जन्मभर ज्याला टाळलं, त्याच्याच दारात माणसं आपापली जनावरं घेऊन उभी राहिली.

"असं न्हाई कोंडता येत," संगप्पा म्हणाला. "आधी गुन्हा पायजे. जनावर पिकात शिरलं पायजे."

आता पीक आणायचं कुठून? साऱ्या शिवारात हिरवं म्हणाल तर केवळाबाईच्या न्हाणीमागचा मेथीचा वाफा, खाटेएवढा. मग काय, सकाळी तिथं जनावरांची रांग लागू लागली. एकेकानं वाफ्यात तोंड घालायचं, केवळाबाईनं ओट्यावर तांदूळ निवडत "खाल्लं गं बाई माझं पीक" म्हणायचं, की संगप्पा दावं धरायचा. ज्यांच्या घरी प्यायला धड पाणी नव्हतं, तेही त्या वाफ्याला तांब्याभर पाणी घालून जायचे. मेथी जळाली तर गुन्हा करायचा कुठं? मला विचाराल तर गुन्ह्याची जागा इतक्या मायेनं कुणी जपली नसेल.

धुरपताबाईची देवणी गाय अशीच आत गेली. बाई विधवा, एकटी. गाभण गाय हेच तिचं घरदार. पूर्वी याच गाईपायी तिनं भर चावडीवर संगप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

मग लातूरहून नवे साहेब तपासणीला आले. त्यांनी त्याच कायद्यातलं पुढचं कलम काढलं. आठवड्याभरात मालकानं दंड भरून जनावर नेलं नाही, तर लिलाव. बाकीच्यांनी कसाबसा दंड भरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मेथीच्या रांगेत येऊन उभे राहिले. धुरपताबाईकडं भरायला काही नव्हतं. बाजारचे दलाल येऊन गाईचे दात बघून गेले. ती दोन दिवस कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून बसून होती. संगप्पाला शिवीसुद्धा दिली नाही, आणि त्यामुळंच तो जास्त घाबरला असावा.

लिलावाच्या सकाळी साहेब खुर्चीत, गाव समोर. संगप्पानं सगळ्यांच्या देखत कोंडवाड्याचं दार सताड उघडलं आणि गाईच्या पाठीवर थाप मारली. गाय निघाली ती थेट केवळाबाईच्या वाफ्यात. संगप्पा मागोमाग गेला, तिला धरून परत आणली, आत घातली आणि कडी लावली.

"साहेब, हा नवा गुन्हा हाय. मुदत आजपासनं धरा."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि दार कुणी उघडलं?"

"मीच की. कोंडलेलं जनावर सोडणं बी गुन्हाच हाय, ह्याच कायद्यात. दंड मी भरत न्हाई. मला आत घाला."

साहेबांना आधी हसू आलं. पण सारं गाव हसतंय म्हटल्यावर त्यांना राग आला. मुदत नव्यानं धरावीच लागली, पण संगप्पाची नोकरी गेली आणि रीतसर खटला होऊन त्याला तालुक्याच्या तुरुंगात बसवलं. कोंडवाड्यावर मारोती नावाचा नवा गडी आला. त्याला कडी नीट लावायची सवयच नव्हती, हे गावाचं नशीब; आठवडा भरत आला की गाय मेथीत जायची आणि मुदत नव्यानं सुरू व्हायची.

धुरपताबाई एसटीनं संगप्पाला भेटायला गेली. फडक्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. या माणसाशी चांगलं कसं बोलावं हेच तिला ठाऊक नव्हतं. गजाआड तो दिसला तेव्हा तिच्या तोंडातून निघालं, "मेल्या, तुला काय गरज पडली व्हती?"

"गाय कशी हाय?"

"बरी हाय. कडबा खातीया. कालवड झाली."

तिनं भाकर पुढं केली. संगप्पानं फडकं सोडलं, भाकरीकडं पाहिलं, पुन्हा बांधलं आणि परत दिलं.

"गाईला सरकार खायला घालतंय, मला बी सरकार घालतंय. तुला घालायचा कायदा न्हाई, माय. तू खा."

धुरपताबाई तिथंच खाली बसली आणि तिनं ती भाकर सगळी खाल्ली.